‘तो तसाच आहे’ म्हणण्याआधी



बालवाडीत आयुष्य घालवलेल्या एका शिक्षिकेच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते. अशा ठिकाणी बालरोगतज्ज्ञाला बोलावलं की लसीकरण नाहीतर कुपोषण, हे दोन विषय ठरलेले. मी संयोजकांकडून तिसरा मागून घेतला: डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळाची पहिली तीन-चार वर्षं. पुढच्या रांगांत आशाताई आणि अंगणवाडी सेविका बसलेल्या दिसतात, हे फार बरं झालं. आज जे सांगणार आहे त्यातलं अर्ध्याहून जास्त काम डॉक्टरांचं नाही, तुमचं आहे. डॉक्टरांनाही थोडं ऐकवणार आहे. ते मागे बसलेत, नेहमीप्रमाणे.

हे आहे काय, ते आधी उरकून घेऊ. आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. या मुलांमध्ये एकविसाव्या जागी दोनाऐवजी तीन गुणसूत्रं असतात. जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. कारण कळायला मात्र १९५९ उजाडलं. पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों त्युर्पां यांनी ते जास्तीचं गुणसूत्र दाखवून दिलं. एकविसावं गुणसूत्र, तीनदा, म्हणून २१ मार्च हा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन. संयुक्त राष्ट्रं तो २०१२ पासून पाळतात. साधारण आठशे ते हजार जन्मांमागे असं एक बाळ जन्मतं. मुंबईत जन्मतं, सालेकशातही जन्मतं.

गोंदियात ही गोष्ट समजावणं सोपंही आहे आणि अवघडही, आणि दोन्हींचं कारण एकच: सिकलसेल. आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं की रक्तातला दोष आईबापाकडून मुलाकडे येतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता, हे गणित इथल्या आशाताई तोंडपाठ सांगतात. मग डाऊन सिंड्रोमचं बाळ झालं की घरात तोच हिशेब मांडला जातो. कोणाकडून आलं? तिच्या माहेरात कोणी होतं का? आणि इथेच घोटाळा होतो. शंभरातल्या पंचाण्णव बाळांत हे कोणाच्याही घराण्यातून आलेलं नसतं. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी नीट वेगळी झाली नाही, इतकंच. शंभरात तीन-चार बाळांत गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो, तिथे आईबापाचं रक्त तपासावं लागतं, कारण पुढच्या बाळंतपणाचा धोका त्यावर ठरतो. म्हणून बाळाची गुणसूत्र तपासणी एकदा करून घ्यायची. ती कोणाला दोषी ठरवायला नाही, पुढचं नियोजन करायला.

आईचं वय वाढलं की शक्यता वाढते, हे खरं. पस्तिसाव्या वर्षी साधारण साडेतीनशेत एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. पण आपल्या मुली विशी-पंचविशीतच आई होतात. बहुतेक बाळंतपणं तरुण आयांची, म्हणून अशी बहुतेक बाळंही तरुण आयांच्याच पोटी येतात. तिनं ग्रहण पाहिलं म्हणून नाही. सुरीनं भाजी चिरली म्हणून नाही. पपई खाल्ली म्हणून नाही. या सभागृहातून आज एवढं जरी घरी गेलं, तरी काही सुनांचे दिवस सुसह्य होतील.

आता मूळ मुद्दा. दवाखान्यात आई अशा बाळाला घेऊन येते, सोबत आजी असते. हाक मारली तर बाळ वळत नाही. मी विचारतो, केव्हापासून? आजी सांगते, ‘तो तसाच आहे जी.’ दूध पिताना दमतो, कपाळावर घाम येतो? तसाच आहे. संडासला चार-चार दिवस होत नाही, अंग थंड लागतं, आवाज घोगरा आहे? तसाच आहे. रात्री घोरतो, मधेच श्वास अडकल्यासारखा करतो? तसाच आहे. आजीचा राग येत नाही मला. राग येतो तो तिला हे वाक्य शिकवणाऱ्यांचा, आणि ते बहुतेक वेळा आम्ही डॉक्टरच असतो. पहिल्या दिवशी चेहरा पाहून ‘मतिमंद होणार’ एवढं सांगून मोकळं व्हायचं. त्या एका वाक्यानंतर बाळाच्या प्रत्येक तक्रारीला घरच्यांकडे उत्तर तयार असतं.

हे उत्तर चुकीचं का? दूध पिताना दमणारं बाळ ‘तसंच’ नसतं, त्याच्या हृदयात छिद्र असू शकतं. डाऊन सिंड्रोमच्या साधारण निम्म्या बाळांत हृदयाचा जन्मजात दोष सापडतो. बद्धकोष्ठ, थंड अंग, घोगरा आवाज हे थायरॉइड कमी असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यावर रोज एक छोटी गोळी पुरते. हाकेला न वळणाऱ्या बाळाच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलेलं असू शकतं. या मुलांत चारांपैकी तिघांना कधी ना कधी ऐकण्याचा त्रास होतो. डोळ्यांचा त्रास निम्म्याहून जास्त जणांना. गुणसूत्र आपण काढू शकत नाही. पण हृदयाचं छिद्र बुजवता येतं, थायरॉइडची गोळी देता येते, कानातलं पाणी काढता येतं, चष्मा देता येतो. हे सगळं उपचार करण्याजोगं असताना बाळाच्या स्वभावात जमा करून टाकायचं?

एक आकडा सांगतो. अमेरिकेत १९८३ च्या सुमाराला डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं धरलं जाई. आज ते साठच्या घरात आहे. चाळीस वर्षांत गुणसूत्र बदललं का? तेच आहे, तीनच आहेत. बदललं ते हे, की मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊ लागली, आणि त्यांना संस्थांच्या खोल्यांत न टाकता घरात वाढवलं जाऊ लागलं.

म्हणून जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालीच पाहिजे. बाहेरून ठोके नीट ऐकू येतात म्हणून सोडून द्यायचं नाही. मोठं छिद्र सुरुवातीला आवाजही करत नाही, आणि उशीर झाला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या इतक्या कडक होतात की शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. थायरॉइड जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षानं, आणि मग दरवर्षी. कानांची तपासणी जन्मतः आणि पुन्हा सहा महिन्यांनी. डोळे सहा महिन्यांच्या आत. ‘जन्माला तपासलं होतं, नॉर्मल होतं’ हे पुरत नाही, कारण कानातलं पाणी नंतर साठतं.

सेविकाताईंनो, आता तुमच्या वजनकाट्याकडे येतो. असं बाळ सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषणात, येतं, तुम्ही टीएचआरचं, घरी न्यायच्या आहाराचं, पाकीट देता, ग्राम बालविकास केंद्रात नाव घालता. वजन वाढत नाही. मग आईला बोलणी बसतात, की खाऊ घालत नाही, पाकीट दुसऱ्या पोरांना देते. थोडं थांबा. छिद्र असलेल्या हृदयाचं बाळ खाल्लेलं सगळं श्वास घेण्यातच खर्च करतं. त्याला पाकिटाआधी इको लागतो. आणि ही मुलं उंचीलाही मुळात थोडी कमी असतात, तेव्हा तक्ता वाचताना तेही ध्यानात असू द्या.

आता वाढीबद्दल. या बाळांचं अंग ढिलं असतं. स्नायूंना ताण कमी, सांधे सैल. उचललं की हातातून निसटतंय असं वाटतं. त्यामुळे सगळं उशिरा होतं, पण होतं. हसू मात्र जवळजवळ वेळेवर येतं, साधारण दोन महिन्यांच्या आसपास; आईला ते पहिलं बक्षीस. बसायला इतर मुलांना सहा-सात महिने लागतात, याला सरासरी दहा-अकरा, कोणाला दीड वर्ष. चालायला सरासरी दोन वर्षं, कोणी सव्वा वर्षात चालतं, कोणाला चार वर्षं लागतात. केवढं हे अंतर! म्हणून शेजारच्या पोराशी तुलना नको, आणि दुसऱ्या डाऊन सिंड्रोमच्या पोराशीही नको.

वाट पाहायची आणि वेळ घालवायचा यांत मात्र फरक आहे. बाळ ढिलं आहे म्हणून आई त्याला कायम मांडीवर नाहीतर झोळीत ठेवते. मायेपोटीच, पण मान धरायला पालथं पडावं लागतं. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडा थोडा वेळ, सतरंजीवर पालथं, समोर आईचा चेहरा. पोट भरल्या भरल्या नाही. अमेरिकेत डेल उलरिक यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. डाऊन सिंड्रोमच्या तीस बाळांपैकी काहींना आईबापांनी घरीच एका छोट्या सरकत्या पट्ट्यावर धरून पावलं टाकायला लावली, रोज आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. ती बाळं बाकीच्यांपेक्षा सुमारे शंभर दिवस आधी चालली. मी तुम्हाला ते यंत्र आणायला सांगत नाही. आठ मिनिटं तेवढी लक्षात ठेवा. रोजची.

यंत्रावरून आठवलं. बाजारातला चाकांचा गोल वॉकर, ज्यात मूल बसतं आणि पायाच्या बोटांनी ढकलतं, तो घेऊ नका. त्यानं चालणं लवकर येत नाही, अपघात मात्र होतात. आपला जुना लाकडी पांगुळगाडा शहाणा आहे: मूल उभं राहायला लागल्यावर तो ढकलत चालतं, स्वतःच्या पायांवर भार घेऊन. आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदीबैल तर दोरीनं ओढत मागे वळून पाहावा लागतो. चालणं, तोल सांभाळणं, हातानं पकडणं, सगळं एका खेळण्यात. विदर्भातल्या पोरांना हे दरवर्षी फुकट मिळतं. आमच्या फिजिओथेरपीच्या खोल्यांत याहून महागडं आणि कमी उपयोगाचं पुष्कळ सामान पडलेलं असतं.

मालिशबद्दल आज्यांना एक विनंती. मालिश करा, जरूर करा, त्या निमित्तानं बाळाशी बोलणं होतं. पण पाय धरून उलटं लटकवणं, मान झटक्यानं वळवणं बंद. या मुलांच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा काहींच्यात सैल असतो. पुढे मोठेपणी कोलांट्या उड्याही विचारूनच.

खाण्याचंही सांगायला हवं, कारण आपण भाताच्या मुलखातले. बाळाची जीभ पुढे येते, घास बाहेर येतो, म्हणून त्याला पेज, वरणाचं पाणी, मऊ भात यावरच ठेवलं जातं. तीन वर्षांचं होईपर्यंत पेज! त्यात लोह नगण्य, आणि चावायचं कामच नाही. तोंडाचे जे स्नायू चावायला लागतात त्यांचा बोलण्याशीही संबंध आहे. सातव्या-आठव्या महिन्यापासून कुस्करलेलं, मग जाडसर, मग हातात धरून खाता येईल असं द्यायला लागा. वेळ लागेल, कपडे खराब होतील.

आणि बोलणं. यावर मी जरा रेंगाळणार आहे. ही मुलं बोलतात त्याहून पुष्कळ जास्त समजतात. पहिला शब्द कोणाला सव्वा वर्षात येतो, कोणाला तीन वर्षांनी. पण ‘चेंडू आण’ म्हटलं तर आणतात, आजोबा कुठे विचारलं तर बोट दाखवतात. घरच्यांना वाटतं बोलत नाही म्हणजे कळत नाही, आणि मग ते त्याच्याशी बोलायचंच थांबवतात. हे सगळ्यात वाईट. त्यात कानात पाणी असेल तर त्याला आपलं बोलणं कसं पोहोचत असेल? विहिरीच्या तळाशी कोणी बोलतंय आणि आपण काठावर उभे आहोत, तसं. सूर कळतो, शब्द कळत नाहीत. ‘स’, ‘फ’ अशी बारीक अक्षरं तर गळूनच पडतात.

पण डोळ्यांवाटे ही मुलं चांगलं शिकतात. पाहिलेलं टिकतं, ऐकलेलं निसटतं. म्हणून बोलण्याबरोबर हात वापरायचे: ये, जेवायचं, पाणी, संपलं, अजून, प्रत्येकाला एक खूण. खुणा शिकवल्या तर बोलणारच नाही, ही भीती खोटी आहे. खुणेनं काम होतंय कळलं की मूल बोलायलाही उत्सुक होतं. इंग्लंडमध्ये स्यू बकली यांना १९८० च्या सुमारास एका वडिलांनी पत्र लिहून कळवलं, की त्यांची डाऊन सिंड्रोम असलेली मुलगी तीन वर्षांची असल्यापासून कार्डावरचे शब्द वाचते. तिथून त्यांच्या संशोधनाची दिशाच ठरली. छापील शब्द हा या मुलांना बोलण्याकडे नेणारा रस्ता ठरतो, हे त्यातून पुढे आलं. तेव्हा अंगणवाडीच्या भिंतीवरचं ‘कमळ’ आणि ‘गवत’ या मुलांसाठीही आहे. फक्त डोळे तपासून घ्या. या मुलांना जवळचं नीट दिसत नाही असं पुष्कळदा होतं, आणि चित्राचं पुस्तक तर जवळच धरतो आपण.

आता आपल्या जिल्ह्याचा खास प्रश्न. घरात पोवारी, कोणाकडे गोंडी, कोणाकडे छत्तीसगढी, बाजारात हिंदी, अंगणवाडीत मराठी. कोणीतरी शहाणा सल्ला देतो, ‘याला एवढ्या भाषा झेपायच्या नाहीत, फक्त मराठी बोला.’ मग जी आजी दिवसभर बाळाला सांभाळते ती गप्प होते, कारण तिला मराठी धड येत नाही! कॅनडात झालेल्या अभ्यासांत दोन भाषांत वाढणाऱ्या डाऊन सिंड्रोमच्या मुलांचं एका भाषेतल्या अशा मुलांपेक्षा काही नुकसान दिसलं नाही. ज्या भाषेत आजीला हसता येतं, रागावता येतं, गाणं म्हणता येतं, त्या भाषेत बाळाशी बोलायचं. गोंडी असेल तर गोंडी.

बुद्धी वाढवणारी बाटली मात्र नाही. पुष्कळ विकल्या जातात, त्यात शेळी विकलेले पैसे जातात. असं एकही औषध आजवर सिद्ध झालेलं नाही.

हे सगळं कुठे व्हायचं? सरकारची व्यवस्था कागदावर चांगली आहे, आणि मी हे उपहासानं म्हणत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचं नाव स्वतंत्रपणे आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं, बाळ शोधायचं, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. हृदयाची शस्त्रक्रिया लागली तर तीही मोफत. पण अर्जुनी मोरगावच्या टोकावरची एखादी आई थेरपीसाठी आठवड्यातून दोनदा गोंदियाला कशी येईल? रोवणीच्या दिवसांत? तेंदूच्या हंगामात? एक दिवसाची मजुरी, दोन माणसांचं भाडं, मोठं पोर घरी एकटं. चार खेपा होतात आणि मग फाइलवर शेरा पडतो: पालकांचा प्रतिसाद नाही.

माझं स्पष्ट मत आहे की आठवड्यातून अर्धा तास थेरपिस्टच्या हातात दिलेलं बाळ फारसं पुढे जात नाही. थेरपिस्टचं काम आईला शिकवणं आहे, आणि थेरपी अंघोळीत, जेवणात, बांधावर बसल्या बसल्या व्हायची आहे. हे माझं डोकं नव्हे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पोर्टेज नावाच्या छोट्या गावी हाच प्रश्न होता: विखुरलेली खेडी, लांबची अंतरं. त्यांनी मुलांना केंद्रात आणणं सोडलं आणि शिकवणाऱ्या बाईला दर आठवड्याला घरी पाठवलं. ती आईला एक-दोन गोष्टी शिकवी, पुढच्या आठवड्यात येऊन पाही. ती पद्धत पुढे जगभर गेली.

पण त्यासाठी विस्कॉन्सिनला कशाला जायचं? ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडी उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनिशी देशात सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना नावही तेच मिळालं. मुलांनी यावं म्हणून वाट न पाहणं, हा त्या कामाचा कणा होता. आज आमच्या अंगणवाडीत वजन आहे, उंची आहे, मोबाइलमध्ये भरायची माहिती तर अपार आहे. अंगणात जाणं तेवढं आशाताईंकडे सरकलं आहे. त्या तरी जातात: बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात. सहावा महिना आणि पालथं पडणं, बारावा महिना आणि चावून खाणं, या भेटी जणू या बाळासाठीच ठरवल्यासारख्या आहेत!

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २८ नोव्हेंबर २०२३ ला दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीर केली, २०२४ मध्ये जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या खेळांचं ‘नवचेतना’ आणलं. म्हणजे ‘आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही’ असं सेविकेनं म्हणायची आता मुभा नाही. पण तिला न शिकवता हे तिच्या अंगावर टाकायची मुभा वरच्यांनाही नाही. डाऊन सिंड्रोमच्या बाळाला जेवढा थेरपिस्ट लागतो तेवढीच गोलात बसलेली बाकीची पोरं लागतात. ही मुलं नकलेत पटाईत. दुसरं पोर टाळ्या वाजवतंय हे पाहून जे येतं ते आमच्या खोलीत दहा वेळा सांगून येत नाही.

आता मागण्या, कारण जिल्हा परिषदेची आणि मेडिकल कॉलेजची मंडळी समोर आहेत. पहिली: कानाची तपासणी महिन्यातून एक दिवस देवरी आणि अर्जुनी मोरगावला जाऊ द्या, तपासणीचं छोटं यंत्र पिशवीत मावतं, आई मावत नाही. दुसरी: प्रसूतीच्या वॉर्डात ही बातमी सांगायची ती आईबाप दोघांना एकत्र, खुर्चीवर बसून, बाळ आईच्या मांडीवर असताना आणि त्याला नावानं हाक मारून. उभ्या उभ्या राउंडमध्ये नाही. आणि त्याच कागदावर इकोची तारीख लिहून. तिसरी लहान आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत या मुलांना वर्षाला एक लाखापर्यंत विमा मिळतो, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, आणि घरचे ते काढत नाहीत, कारण शिक्का बसेल अशी धास्ती. त्यांना रागावू नका, अर्ज भरून द्या.

माझी वेळ संपली, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. प्रश्न असतील तर आधी आशाताईंचे घेऊ, डॉक्टरांचे नंतर.